शेवटी सगळे जिथे होतो

६ मे

प्रिय मावशी,

एखादं माणूस हरवलंय की नुसतं थांबलंय, हे बाहेरून कसं ओळखायचं? परवापासून हाच प्रश्न घेऊन फिरते आहे. लायब्ररीत पुस्तकं लावताना तोच, भाजी चिरताना तोच. तुला फोन केला असता, पण तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले तर पलीकडच्या खोलीत आईला ऐकू जाईल. ती माझ्या कोटाचं अस्तर शिवत बसली आहे. इथे आल्यापासून तिने माझा एकही कपडा सुखाने राहू दिलेला नाही. आधी उसवते, मग शिवते.

आता पहिल्यापासून सांगते. आईबाबा आणि दादा माझ्याकडे आले, तेव्हापासून मला त्यांना कालव्यांचं शहर दाखवायचं होतं. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळी परत. मी लायब्ररीतली पुस्तकं वाचून तयारी केली होती, कुठल्या कालव्यातून बोट जाते, कुठल्या दालनात कुठलं चित्र आहे. दादाने फोनवर वेळापत्रक केलं. बाबा म्हणाले, "पदवीधर पुढे, वेळापत्रक मागे, आणि मधे आम्ही दोन पिशव्या."

सकाळ मजेत गेली. बोट अरुंद वळणावर वळली की बाबा बसल्या जागी पायाने ब्रेक दाबत होते. जन्मभर बस चालवली, पाय ऐकत नाहीत. आई पाण्याकडे बघतच नव्हती, काठावरच्या घरांच्या खिडक्यांकडे बघत होती. "एवढ्या मोठ्या खिडक्या आणि पडदे नाहीत. यांच्याकडे लपवायला काहीच नाही का?" मी त्याचं कारण सांगायला लागले, ते संपेपर्यंत पुढचा पूल आला.

धक्क्यावर उतरून, पूल ओलांडून आम्ही म्युझियममध्ये गेलो. पिशव्या सामानाच्या खिडकीवर ठेवायला लावल्या, आईचा फोन पिशवीतच राहिला. बाबांचा फोन इथे चालत नाही. मी एकेका चित्रापुढे उभी राहून सांगत होते. दुसऱ्या की तिसऱ्या दालनात बोलता बोलता वळले, तर मागे एक अनोळखी म्हातारं जोडपं मान डोलवत उभं होतं. आपलं कोणीच नव्हतं.

दादाला फोन लावला, तो बंद. फोटो काढून काढून बॅटरी संपली होती. मग मला घरचा नियम आठवला. चुकामूक झाली तर शोधत फिरायचं नाही, शेवटी सगळे एकत्र जिथे होतो तिथे जाऊन उभं राहायचं. आईने हा नियम आम्हाला बाराखडीच्या आधी शिकवला. तर मी पुलावर जाऊन उभी राहिले, कारण तिथे मी सगळ्यांना पाण्यातली घरांची प्रतिबिंबं दाखवली होती. दादा धक्क्यावर उभा राहिला. बाबा तिकिटाच्या खिडकीपाशी. प्रत्येकाला वाटत होतं, सगळे शेवटी इथेच होतो, बाकीचे येतीलच. सगळी दुपार तिघंही नियम पाळत तीन ठिकाणी उभे होतो. आता हसू येतं, तेव्हा नाही आलं.

म्युझियम बंद व्हायच्या सुमाराला मी आणि दादा एकदमच दारात पोचलो. बाबा आत होतेच. आई नव्हती. दादा दाराशी येरझाऱ्या घालत होता, मावशी. त्याच्या ऑफिसातल्या एकाचे वडील असेच घरातून निघून गेले होते, ते त्याच्या डोक्यातून जात नाही. तेवढ्यात गार्ड आईला घेऊन आला. ती अगदी शांत होती. दादा ओरडलाच, "कुठे होतीस?"

"इथेच."

"इथेच म्हणजे कुठे?"

"चित्रापाशी. तुम्ही कुठे होतात?"

कुठलं चित्र म्हणशील तर एका रिकाम्या खोलीचं. खिडकीतून ऊन आलंय, एक खुर्ची जराशी तिरकी सरकलेली, दार अर्धं उघडं. माणूस नाही. परतीच्या गाडीत मी विचारलं, "इतका वेळ काय बघत होतीस?" ती म्हणाली, "ती बाई परत येते का ते बघत होते." दादाने माझ्याकडे पाहिलं. त्या चित्रात बाई नाहीच, मावशी.

घरी आल्यावर दादाने मला बाजूला घेतलं. म्हणाला, आईचं आता काही खरं नाही. शिवणाचं दुकान बंद करू, दोघांना माझ्याकडे नेतो. उद्या इस्त्री चालू ठेवून निघाली म्हणजे? "तू शिकलेली आहेस, तू सांग. तू म्हणशील ते आई ऐकेल." मी त्या गाडीतल्या वाक्याचाच विचार करत होते. मी हो म्हणाले.

तेव्हापासून चैन नाही. दुकानाची दुसरी किल्ली अजून माझ्याच जुडग्यात आहे, शाळेतून येऊन कुलूप उघडायचे ती. लायब्ररीचं कपाट उघडताना दर वेळी तीच हाताला लागते. तू सध्या दुकानात बसतेस. खरं सांग, आई विसरते का? मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

तुझी,
मास्तरीणबाई


१६ मे

मास्तरीणबाईंना मावशीचा आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा राग आला. राग कुणाचा ते कळेना, म्हणून चार दिवस मशीन दामटली आणि आता लिहायला बसले.

विसरते का म्हणून विचारतेस. विसरते. गिऱ्हाईकाचं नाव विसरते, चेन काळी सांगितली की तपकिरी ते विसरते, खडू कानावर ठेवून दुकानभर शोधते. मी गेल्या आठवड्यात चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधला. मला कोणी तपासायला नेलं नाही, कारण मला दोन मुलं नाहीत, आणि त्यातलं एक शिकलेलं नाही. हे लागलं असेल तर लागू दे.

मला आधी वाटलं, तुला आता दुकानाची लाज वाटायला लागली. परदेशात लायब्ररीत बसायचं आणि आई लोकांच्या विजारींचे पाय दुमडते म्हणून कसं सांगायचं. मग पुन्हा वाचलं आणि किल्लीची ओळ दिसली. तेवढ्यावरून तो आरोप मागे घेते. अर्धा.

आता त्या नियमाचं सांगते, कारण तुम्ही तो अर्धाच शिकलात. आम्ही लहान असताना आमची आई दवाखान्यात झाडलोट करायची. रविवारी बाजारात आम्हा दोघींना घेऊन जायची आणि गर्दीत मी दर वेळी हरवायची. कधी फुगेवाल्यामागे, कधी कुणाच्या कुत्र्यामागे. एकदा ताईच, म्हणजे तुझी आई, चुकली. आई मला धरून बाजारभर फिरली, रडली, चौकीवर जाऊन आली. ताई कुठे होती? दोरखंडाच्या दुकानापुढे, दुकानदाराने दिलेल्या वेटोळ्यावर बसून. आईने विचारलं, "अगं, आपण चपलांच्या दुकानात होतो ना शेवटी?" ताई म्हणाली, "तिथे तू होतीस आणि मी होते. ही बाहेर होती. तिघी इथे होतो."

कळलं? नियम आहे "सगळे". आपण जिथे होतो तिथे नाही, आपल्याबरोबर कोणीतरी होतं तिथेही नाही. ताई लहानपणापासून माणसं मोजत आली आहे. तुम्ही तिघं शहाणे जिथे जिथे उभे होतात, तिथे खरंच चौघं होतात का, ते एकदा मोजून बघ. तुला मोजता येतं, शिकलेली आहेस.

दुसरं. काल एक माणूस टेप घेऊन दुकानात आला. भिंतीवर पेन्सिलीने खुणा करून गेला. जागेच्या मालकाने पाठवलं म्हणे, तुझ्या दादाचा फोन आला होता. तुझ्या एका "हो"ला पाय फार लांब आहेत. वीस तारखेला तिघं इकडे पोचतील. ताई त्या खुणा बघेल तेव्हा तिला काय सांगू, ते पत्रातच लिही.

मावशी


२७ मे

प्रिय मावशी,

तुझं पत्र आलं तेव्हा आईबाबा निघून गेले होते. कोटाचं अस्तर एवढं नीट बसलंय की कोट घालवत नाही.

मी मोजलं. आधी डोक्यात, मग कागदावर, मग डोळे मिटून. धक्क्यावर चौघं नव्हतो, कारण बोट लागताच तिकिटांच्या रांगेसाठी मी पुढे पळाले होते. मग दादाने मागून हाक मारली, "पुलावर थांब," म्हणून पुलावर थांबले. तिथे प्रतिबिंबं दाखवली. पण कुणाला दाखवली? आई होती, दादा होता. बाबा अजून धक्क्यावर बोटवाल्याला हातवारे करून विचारत होते की एवढी लांब बोट एवढ्या वळणात वळवतोस कशी. मी पाण्याकडे बोट करून बोलत होते. माझ्या आठवणीत बाबा तिथे आहेत. मी त्यांना तिथे उभं केलंय, ते आलेच नव्हते. तिकिटाच्या खिडकीपाशी दादा नव्हता, तो बाहेर कालव्याचे फोटो काढत होता.

आणि मग मला ते आठवलं. आत, त्या खोलीच्या चित्रापुढे, आईने हाक मारली होती. "या ना, इकडे बघा." दिवसभरात तिने तेवढंच एकदा बोलावलं. बाबा बसायला बाक शोधत तिकडे आले, दादा वेळापत्रक सांगायला आला, मी पुढच्या दालनातून मागे वळले. चौघं उभे होतो. दादा म्हणाला, "छान आहे, चला." मी त्या चित्राचं साल सांगितलं आणि पुढे निघाले. मागे कोण येतंय ते पाहिलं नाही.

म्हणजे नियम एकट्या आईने नीट पाळला. आम्ही तिघं हरवलो होतो. आई सगळ्यात शेवटी सापडली, म्हणून हरवलेली ती ठरली.

दादाला फोन केला. तो चिडला. "मोजणी चुकली असेल आपली. पण चित्रातल्या नसलेल्या बाईची वाट कोण बघतं? तूच हो म्हणालीस ना?" म्हणाला, डॉक्टरांची वेळ घेतली आहे, काय ते बघू. आवाज खाली आणून पुढे म्हणाला, "धक्क्यावर उभा होतो तेव्हा मी पाण्यात बघत होतो गं." आईला शोधत होता तो, पाण्यात. तो वाईट नाही, मावशी. तो घाबरलाय. आणि खरं सांगायचं तर त्या बाईचं मलाही कळत नाही. गार्डला का सांगितलं नाही, एवढा वेळ नुसतं कसं बसवलं, तेही कळत नाही. आईला फोन केला की ती हवापाण्याचं बोलते आणि मी जेवले का विचारते. दुकानाचं मी विचारलं की म्हणते, "बघू, तुम्ही म्हणाल तसं." आई कधी असं म्हणायची का?

इथे मी एक पुस्तक चुकीच्या कपाटात लावलं म्हणून आज बोलणी खाल्ली. उठते, बसते, पुन्हा उठते. खुणांचं आईला सांग की मी चुकले. नको, थांब. ते मी सांगायला हवं.

तुझी


६ जून

मास्तरीणबाई,

हे पत्र मुद्दाम लहान लिहिणार होते, जमत नाही.

खुणा ताईने पहिल्याच दिवशी पाहिल्या. ओल्या फडक्याने एक पुसली, मग फडकं बाजूला ठेवून दिलं. डॉक्टरकडे तुझे बाबा आणि दादा घेऊन गेले. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला लावलं. तिने घड्याळ काढलं, वर पट्टा पण काढून दिला. डॉक्टर म्हणाला, वयाच्या मानाने उत्तम. तुझा दादा म्हणाला, डॉक्टरला पाच मिनिटांत काय कळणार, माझी बहीण अख्खा दिवस बरोबर होती, ती शिकलेली आहे. तुझे बाबा खिडकीबाहेर बघत होते. भाऊजींचं हेच आहे, बस सोडून त्यांनी कशाचंच स्टीअरिंग धरलं नाही.

त्या बाईचं मी ताईला सरळ विचारलं. ती म्हणाली, "तुला आठवत नाही?" आणि मला आठवलं. आई दवाखाना झाडायची तेव्हा आम्ही दोघी बाकावर बसायचो. पेशंट आत गेला की रिकाम्या खुर्चीकडे बघून ओळखायचं, कोण उठून गेलं. तिरकी सरकली असेल तर घाईतलं माणूस. बाहेर येईपर्यंत त्याचं अख्खं घरदार आम्ही ठरवून टाकायचो. ताई कायम बाई म्हणायची, मी कायम चोर. एवढंच आहे ते. तुमच्या त्या मोठ्या म्युझियममध्ये ती हा खेळ खेळत बसली होती.

"आधी वाट बघितली," म्हणाली. "मग वाट बघायची राहूनच गेली. कोणी बोलत नव्हतं. कोणी कपडा पुढे टाकत नव्हतं. पोरं येणार हे माहीत होतं, मग घाई कशाची?" हे सांगताना तिचं तोंड मला लहानपणीसारखं दिसलं.

पण पुढचं ऐक, त्यासाठी लिहिते आहे. मी म्हटलं, मग हे मुलांना सांग की. ती म्हणाली, "मला असं वाटतं, तसं नसेलही. मुलगी एवढी शिकली, ती म्हणाली आहे तर काहीतरी बघूनच म्हणाली असेल. आपल्याला आपलं कळत नाही." आता ती प्रत्येक विजार मला दाखवते, माप बरोबर आहे का म्हणून विचारते. चाळीस वर्षं मला शिकवणारी बाई मला विचारते. परवा शिवलेलं उसवून पुन्हा मोजलं. शिवण बरोबरच होती.

काल दादा किल्ली मागायला आला. मी पदराआड लपवणार होते, पण ताईने स्वतःच काढून त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, "आई, सामान महिनाअखेरीला हलवू, घाई नाही." तिने मान डोलावली. कुलूप लागलं. आज सकाळी आम्ही दोघी सवयीने दुकानापर्यंत गेलो आणि बाहेरच्या पायरीवर बसून परत आलो.

डॉक्टरच्या शब्दाने झालं नाही ते तुझ्या शब्दाने झालं. आता तूच बघ.

मावशी


१८ जून

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचलं त्याच रविवारी मी पुन्हा त्या शहरात गेले. कशाला ते गाडीत बसेपर्यंत माहीत नव्हतं. या वेळी पुस्तक घेतलं नाही. धक्क्यावर जरा थांबले, पुलावर थांबले, खिडकीपाशी थांबले. मग त्या चित्रापुढे जाऊन बसले. पाय सारखे हलत होते. मला तो खेळ जमला नाही, कोणीच येईना.

गार्ड तोच होता. मी त्याला विचारलं, मागच्या महिन्यात इथे एक बाई बराच वेळ बसली होती, आठवते का? तो हसला. म्हणाला, आठवते तर. मी दोनदा विचारायला गेलो. तिने चार बोटं दाखवली आणि जमिनीकडे हात केला. मला वाटलं तिला चार नंबरचं दालन हवंय, म्हणून मी तिला तिकडे नेऊन सोडलं. मी माझ्या जागी येतो तोवर ही परत याच चित्रापुढे. पुन्हा चार बोटं, पुन्हा जमीन. शेवटी मीच तिला खुर्ची आणून दिली.

मावशी, तिने सांगितलं होतं. चौघं इथे होतो. तिला त्यांची भाषा येत नव्हती तरी तिने सांगितलं. मला तिची भाषा येते आणि मी तिला साल सांगितलं.

परत आल्यावर आधी आईला फोन केला. हवापाण्यावर गेली तशी थांबवली. म्हटलं, "आई, मी काहीही बघून म्हणाले नव्हते. मी बघितलंच नव्हतं. तू बरोबर जागी होतीस, आम्ही नव्हतो." ती म्हणाली, "पुलावर ऊन लागलं असेल ना तुला."

मग दादाला. त्याला मी गार्डचं सांगितलं. तो म्हणाला, "आणि पुढे खरंच काही झालं तर?" म्हटलं, "झालं तर मी येईन, तूही ये. झालेलं नाही त्याचं कुलूप आज लावायचं नाही." तो म्हणाला, विचार करून सांगतो. मागून बाबांचा आवाज आला, "मी तिकिटाच्या खिडकीपाशी होतो कारण तिथे खुर्ची होती. नियमबियम मला तेव्हा आठवला नव्हता." जन्मात पहिल्यांदा बाबांनी मधे तोंड घातलं. दादा हसला की काय ते कळलं नाही. मालकाला मात्र मी स्वतः फोन करून सांगितलं की दुकान सुटणार नाही.

दादाचा विचार होईपर्यंत तुम्ही दोघींनी पायरीवर बसायचं, हे मला मान्य नाही. पाकीट जड का लागलं म्हणून तू वाचायच्या आधीच चाचपलं असशील. कोटाच्या अस्तरातला एक तुकडा उसवून त्यात दुकानाची दुसरी किल्ली शिवली आहे. टाके वेडेवाकडे आहेत, आईला म्हणावं हसू नकोस. जुडग्यातून काढताना नख मोडलं. मग तशीच जाड पाकीट आणायला पोस्टात गेले आणि परत येताना कोटाच्या उसवलेल्या बाजूने वारा आत येत होता.

तुझी,
मास्तरीणबाई